गिरणगावाचे संग्रहालय कोणासाठी?

काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ यांच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची मुंबई महानगरपालिकेची योजना गेली दीड दशके या ना त्या स्वरूपात चर्चेत आहे. योजनेच्या पहिल्या टप्प्यासाठी निवड झाली ती तळ्याची, त्याच्या काठच्या भित्तिशिल्पांची आणि संगीताच्या तालावर उसळणाऱ्या कारंज्याची. कारंज्याशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. लालबाग-परळच्या दाटीवाटीत मुलांना संध्याकाळी बसायला मोकळी जागा मिळाली तर ते स्वागतार्हच आहे. परंतु ज्या वस्तीत पहाटेच्या भोंग्याने लक्षावधी माणसांचा दिवस ठरत असे, त्या वस्तीच्या इतिहासाचा आरंभ कारंज्याने व्हावा, यामागे एक विशिष्ट दृष्टी आहे. संग्रहालय म्हणजे पाहुण्यांसाठी मांडलेली शोभा, ही ती दृष्टी. संग्रहालय ज्या वस्तीत उभे राहते त्या वस्तीच्याच काही कामास यावे, ही कल्पना आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही.

महाराष्ट्रात स्थानिक संग्रहालयांची परंपरा नाही असे नव्हे. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभे केलेले संग्रहालय, पुण्यात दिनकर केळकरांनी उभ्या आयुष्यात जमवून १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केलेला संग्रह, तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून ठेवलेले प्राचीन अवशेष, ही सारी एकेका माणसाच्या वेडाची फळे आहेत, आणि ती वेडे नसती तर महाराष्ट्र कितीतरी दरिद्री राहिला असता. पण हे संग्रह मुख्यतः वस्तूंचे आहेत. दिवा, अडकित्ता, मूर्ती, चित्र, नाणे यांचे आहेत. ज्या हातांनी या वस्तू घडवल्या ते हात तेथे क्वचितच दिसतात. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयाची कथा याहून बोलकी आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात भारतीय वस्त्रांचा जो संग्रह आहे त्याला जगात तोड सापडणे कठीण. ज्या गिरणीच्या नावाने ते ओळखले जाते ती गिरणी मात्र कालांतराने बंद पडली. कापड जपले गेले. गिरणीत राबणाऱ्यांची स्मृती जपणे हे त्या संस्थेचे कामच नव्हते, त्यामुळे तिला दोष देता येणार नाही. पण हे काम मग कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल या शहराने दिले आहे, आणि ते मुंबईकरांनी बारकाईने पाहण्याजोगे आहे. लोवेल हेही एक गिरणगाव. मेरिमॅक नदी तेथे सुमारे ३० फूट खाली कोसळते. ती पाण्याची शक्ती कालव्यांनी फिरवून बोस्टनच्या भांडवलदारांनी १८२३ पासून तेथे सुताच्या गिरण्या चालवल्या. ज्याच्या नावावरून शहराचे नाव पडले तो फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१७ मध्येच निवर्तला होता. इंग्लंडमधील गिरण्या हिंडून पाहून यंत्रमागाची रचना डोक्यात साठवून आणणारा तो गृहस्थ आपल्या नावाचे शहर पाहू शकला नाही. आसपासच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली तेथे कामाला आल्या. त्या कंपनीच्या वसतिगृहांत राहात, घंटेच्या ठोक्यावर उठत आणि दिवसाचे बारा-तेरा तास यंत्रापुढे उभ्या राहात. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सने हे शहर पाहिले आणि इंग्लंडच्या मानाने तेथील व्यवस्थेची वाखाणणी केली. त्याच मुलींनी त्यापूर्वी १८३४ आणि १८३६ मध्ये संप केले होते, आणि पुढे दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज विधिमंडळाकडे धाडले, हे पाहुण्याच्या वर्णनात सहजासहजी येणारे नव्हते.

लोवेल आणि मुंबई यांचा संबंध केवळ साम्याचा नाही. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली व १८५६ मध्ये ती ताडदेवला चालू झाली. पाचच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस बाजारात येईनासा झाला, लोवेलच्या अनेक गिरण्यांनी हाताशी असलेला कापूस चढ्या भावाने विकून टाकला व कामगारांना घरी पाठवले, आणि त्याच सुमारास हिंदुस्थानच्या कापसाला लँकेशायरमध्ये सोन्याचा भाव आला. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत जो पैसा ओतला गेला त्यातून सट्टा माजला, बँका व भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि युद्ध संपताच त्यांतील कित्येक कोसळल्या. तरीही जे भांडवल व जो व्यापारी अनुभव उरला, त्याच्या आधारावर पुढील दोन-तीन दशकांत मुंबईच्या गिरण्यांचे जाळे विणले गेले. एका गिरणगावाची यंत्रे थांबली तेव्हा दुसऱ्या गिरणगावाचा पाया भरला जात होता, असा हा धागा आहे. तो मुंबईच्या किती शाळांत शिकवला जातो?

लोवेलचा ऱ्हास मुंबईच्या आधी सुमारे साठ वर्षे सुरू झाला. १९२० च्या दशकात भांडवल दक्षिणेकडील राज्यांत गेले, कारण तेथे मजुरी कमी होती आणि संघटना दुबळ्या होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मूळच्या मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी दारे लावली. पुढच्या दशकात नगर-पुनर्रचनेच्या नावाखाली जुन्या गिरण्या आणि कामगारांची वसतिगृहे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. १९७० च्या दशकाच्या मध्यास शहरातील बेकारी शेकडा १२ च्या घरात गेली होती. तरुण शिकून बाहेर पडत, ते परत येत नसत. लोवेलचे असणे ही सांगण्याजोगी गोष्ट राहिली नव्हती.

अशा शहरात पॅट्रिक मोगन या शिक्षकी पेशातील माणसाने एक वेगळा विचार मांडला. त्याच्या चिंतेचा विषय गिरण्यांच्या इमारती हा मुळात नव्हताच. त्याची चिंता शाळेतील मुलांची होती. आयरिश, फ्रेंच-कॅनडियन, ग्रीक, पोर्तुगीज अशा निरनिराळ्या वंशांच्या कामगारांची ही मुले शाळेत मागे पडत. आणि त्याचे एक कारण असे की आपल्या घराला, भाषेला, बापाच्या श्रमाला काही मोल आहे असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. संपूर्ण शहरालाच शाळा बनवावे, कालवे, गिरण्या, वसतिगृहे, चर्चे यांतून मुलांना त्यांचा इतिहास वाचता यावा, असे त्याचे म्हणणे. प्रारंभी या माणसाची थट्टा झाली. ज्या कालव्यांचा गावाला संकोच वाटे त्यांचे राष्ट्रीय उद्यान करावे, ही कल्पना लोकांना हास्यास्पद वाटणे स्वाभाविकच होते. पण वस्तीवस्तीच्या सभांतून ती हळूहळू मुरली. लोवेलमध्येच जन्मलेले लोकप्रतिनिधी पॉल साँगस यांनी ती काँग्रेसपुढे नेली, आणि जून १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने लोवेल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान अस्तित्वात आले. सुमारे ४ कोटी डॉलर्सची तरतूद कायद्याने झाली. आणि केंद्र, राज्य, नगरपालिका व खासगी मालक यांची सांगड घालण्यासाठी एक स्वतंत्र आयोग नेमला गेला. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रथम शिक्षक आला, मग वस्ती आली, मग राजकारणी आला आणि पैसा सर्वांत शेवटी आला. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा असतो.

या उद्यानाचे हृदय म्हणजे बूट कॉटन मिल्सच्या इमारतीत १९९२ मध्ये उघडलेले संग्रहालय. तेथील विणकामाच्या दालनात ८८ यंत्रमाग मांडलेले आहेत आणि त्यांतील काही प्रत्यक्ष चालवले जातात. आत शिरताना कानात घालण्यासाठी बोळे दिले जातात. कारण थोडेसेच माग चालू असतानाही जमीन हादरते आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. साचेखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कमी का ऐकू येते, हे पाहणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. माग विणतात ते कापड दुकानात विकले जाते. शेजारच्या वसतिगृहाला मोगनचे नाव दिलेले असून तेथे गिरणीतील मुली आणि त्यांच्यामागून आलेले परदेशस्थ कामगार यांची कथा मांडली आहे. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाशी भागीदारी करून उद्यानाने शाळांसाठी एक केंद्र चालवले. तेथे मुले स्वतः सूत कातून पाहतात, पाणचक्की बांधून पाहतात, कामगार आणि मालक होऊन वाटाघाटी करून पाहतात. वर्षाला हजारोंनी मुले येतात. शिक्षकांनी विशेष नोंद घ्यावी अशी ही बाब आहे.

आणखी एका बाबतीत या संग्रहालयाचे कौतुक करावे लागेल. लोवेलच्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतील गुलामांनी वेचलेला होता, आणि त्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचा काही भाग त्याच गुलामांच्या अंगावर घालण्यासाठी दक्षिणेत परत जाई. स्वतंत्र बाण्याच्या मुलींच्या संपाची कथा सांगताना हेही सांगितले पाहिजे, ते सांगितले जाते. स्थानिक इतिहास म्हटला की गौरवगाथेचा मोह अनिवार होतो. ज्या गावाला मनातून न्यूनगंड आहे त्या गावाला तर तो अधिकच होतो. त्या मोहाला आवर घालण्याची ताकद संग्रहालयात असेल तरच त्याच्या इतर बोलण्यावर विश्वास ठेवता येतो.

आता अर्थकारणाकडे वळले पाहिजे, कारण संग्रहालयाने शहर तरले असे सरसकट विधान लोवेलच्या संदर्भात नेहमी केले जाते आणि ते जसेच्या तसे स्वीकारण्यासारखे नाही. १९८० च्या दशकात लोवेलची बेकारी झपाट्याने घसरली. याचे मोठे श्रेय वँग लॅबोरेटरीज या संगणक कंपनीकडे जाते. तिने आपले मुख्य कार्यालय १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे आणले व हजारो नोकऱ्या निर्माण केल्या. पुढे कंपनीचे तंत्र जुने झाले आणि ऑगस्ट १९९२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. तिचे मनोरे बांधायला सुमारे ६ कोटी डॉलर्स लागले होते, असे सांगतात. १९९४ मध्ये ते लिलावात सव्वापाच लाखांना गेले. एका धंद्यावर विसंबलेले गाव तो धंदा गेला की पुन्हा कसे कोसळते, याचा हा दुसरा धडा लोवेलने सत्तर वर्षांच्या आत घेतला. संग्रहालयातील नोकऱ्यांची संख्या गिरण्यांतील नोकऱ्यांच्या संख्येपुढे नगण्य आहे. आणि तिकिटे फाडणाऱ्याचा, पाहुण्यांना चहा देणाऱ्याचा पगार कधीच फार नसतो. पर्यटनाने गिरणीची जागा भरून निघते, हे खरे नाही.

मग लाभ झाला तो कोणता? वँगचे मनोरे रिकामे पडले तेव्हा शहर दुसऱ्यांदा ओस पडले नाही. जुन्या गिरण्यांच्या इमारती पाडल्या न जाता घरे, कार्यालये, चित्रकारांच्या कार्यशाळा यांसाठी वापरात आल्या होत्या. विद्यापीठ वाढत होते. १९८७ पासून भरू लागलेला लोकसंगीताचा उत्सव चालू राहिला. एखाद्या जागेबद्दल ममत्व असेल तर संकटातही माणसे व पैसा तेथे थोडा अधिक काळ टिकून राहतो. अर्थशास्त्राच्या कोष्टकात या ममत्वाला रकाना नाही, पण त्याचे परिणाम मात्र त्याच कोष्टकात उमटतात. दुसरी गोष्ट म्हणजे नवे आलेले लोक. ख्मेर रूजच्या अत्याचारांतून निसटलेली कंबोडियन कुटुंबे १९८० च्या दशकात मोठ्या संख्येने लोवेलला आली. आज अमेरिकेतील कंबोडियन वस्तीत लाँग बीचच्या खालोखाल लोवेलचे नाव घेतात. १९९७ पासून मेरिमॅकच्या काठी त्यांचा जलोत्सव भरतो. परदेशातून आलेल्या श्रमिकांनीच हे शहर घडले, असे जे संग्रहालय सांगत होते, त्याला या नवागतांना बाहेरचे म्हणणे अवघड होते. परक्यांबद्दलचा द्वेष तेथे अजिबात उफाळला नाही असे कोणी म्हणणार नाही; पण त्याला उत्तर देण्याची सामग्री गावात तयार होती.

इतके पाहिल्यावर लोवेलची प्रत काढून ती काळाचौकीला चिकटवावी असे कोणालाही वाटेल. तसे करता येणार नाही, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. लोवेलच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या जागेला कोणी विचारत नव्हते. तेथे संग्रहालय हे भांडवलाला दिलेले आमंत्रण होते. मुंबईच्या गिरण्यांची स्थिती याच्या नेमकी उलट. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. लाखाहून अधिक कामगार पुन्हा कामावर गेले नाहीत. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, मालकांनी नफा इतरत्र वळवणे ही सारी कारणे होतीच. त्यांच्या जोडीला एक कारण वर्षागणिक बळावत गेले: गिरणी चालवण्यापेक्षा तिच्याखालची जमीन विकणे अधिक फायद्याचे झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले. एक मालकाला, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरते सीमित झाले. आणि गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये वेगळा निर्णय दिला, परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यानंतर काय झाले ते प्रभादेवी स्थानकाच्या पुलावरून उभ्या उभ्या दिसते.

तेव्हा गिरणगावात भांडवलाला आमंत्रणाची गरज नाही. ते न बोलावता आले आहे. परिसराचे पुनरुज्जीवन याचा अर्थ नव्या इमारती, नवी हॉटेले, गर्दी असा घेतला, तर ते काम संग्रहालयावाचूनच झाले आहे. उलट अशा संग्रहालयाचा उपयोग शेजारच्या मनोऱ्यातील सदनिकांचे भाव आणखी चढवण्याकडेच होईल. जे निर्जीव झाले आहे ते वेगळे आहे. लालबाग, परळ, वरळी, शिवडी येथील चाळींतून राहणारी माणसे आज डोंबिवली, कल्याण, विरार, पनवेल येथे पांगली आहेत. कित्येक रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडे परतली. गावाच्या नावाने चालणाऱ्या सामाईक खोल्या, भजनी मंडळे, व्यायामशाळा, खानावळी ही त्यांच्या जगण्याची चौकट होती. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. तेव्हा कुठे सावकाराच्या पाशातून त्यांची सुटका होऊ लागली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक याच मातीतले, आणि नारायण सुर्व्यांची कविताही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभरावर माणसांच्या तोंडून ऐकलेला गिरणगावाचा इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो नसता तर यातले बरेचसे आज केवळ ऐकीव राहिले असते. दोन संशोधकांनी स्वतःच्या हिमतीवर केलेले हे काम आहे, आणि संग्रहालयाची पहिली मोठी ठेव वास्तविक हीच असायला हवी.

पांगलेल्या माणसांचे संग्रहालय कसे असते हे दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराने दाखवले आहे. तेथील डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ रोजी फक्त गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाली. पुढील वर्षांत सुमारे ६० हजार लोकांना शहराबाहेरच्या रेताड सपाटीवर हलवण्यात आले आणि त्यांची घरे बुलडोझरने सपाट केली गेली. वर्णद्वेषी राजवट संपली त्याच वर्षी, डिसेंबर १९९४ मध्ये, एका जुन्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये या वस्तीचे संग्रहालय उघडले. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला होता. पूर्वीचे रहिवासी येत, गुडघे टेकून आपली गल्ली शोधत आणि आपले घर जेथे होते तेथे आपले नाव लिहीत. एका लांबच लांब कापडावर लोक आठवणी लिहीत आणि त्या पुढे धाग्यांनी भरल्या जात. रस्त्यांच्या नावांच्या जुन्या पाट्या ज्याने जपून ठेवल्या होत्या तो घरे पाडणाऱ्या तुकडीतलाच मनुष्य होता. या सर्वांहून महत्त्वाचे असे की गमावलेल्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्या कुटुंबांच्या पाठीशी हे संग्रहालय उभे राहिले. आठवण तेथे पुराव्याच्या कामी आली.

पुरावा हा शब्द गिरणगावात फार ओळखीचा आहे. गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना म्हाडातर्फे घरे देण्याची योजना झाली. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज मात्र दीड लाखांवर गेले. प्रत्येक अर्जदाराला आपण किंवा आपले वडील अमुक गिरणीत होतो हे सिद्ध करावे लागते: तिकीट क्रमांक, हजेरीपट, विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती, सेवेचा दाखला. चाळ सुटताना, गाव गाठताना, पावसाळ्यात छप्पर गळताना ही कागदपत्रे हरवली. ज्या गिरण्यांच्या दप्तरात त्यांच्या नोंदी होत्या त्या गिरण्याच राहिल्या नाहीत. बदली कामगारांची अवस्था तर सर्वांत बिकट. कायम कामगाराच्या नावावर गिरणी लिहिलेली तरी असते. रोज दारावर उभे राहून मिळेल त्या पाळीला जाणाऱ्याचे नाव किती ठिकाणी सापडणार? बंद गिरण्यांची दप्तरे, गिरणी मालक संघाची व कामगार संघटनांची कागदपत्रे, कामगारांच्या घरोघरच्या ट्रंकांतले कागद ही सारी एका जागी आणून त्यांची सूची करणारे, आणि येणाऱ्याला आपल्या बापाची नोंद शोधून देणारे दालन संग्रहालयात निघाले, तर ते कारंज्याइतके शोभिवंत दिसणार नाही. पण तेथे रांग लागेल. वारसांनी आणलेल्या कागदांची छायाप्रत ठेवून घेतली, तर तीच पुढे इतिहासाची साधने होतील.

सामग्री गोळा करताना मने दुखावली जातील, ही गोष्टही आरंभीच मान्य केलेली बरी. १९८२ च्या संपाची जबाबदारी कोणावर, मान्यताप्राप्त संघटनेची भूमिका काय होती, १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या निवडीवर कोणती बंधने घातली, यांवर गिरणगावात आजही दोन माणसांचे एकमत होत नाही. संग्रहालयाने एकच निकाल सांगण्याची गरज नाही. सर्वांची कैफियत शेजारी शेजारी मांडता येते. त्याहून अवघड प्रश्न एका साध्या लाकडी वस्तूशी निगडित आहे. ती म्हणजे धोटा. कांडी संपली की विणकर नवी कांडी भरी आणि धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घेई. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. अमेरिकेत क्षय पसरण्याच्या भीतीने मॅसॅच्युसेट्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी अशा धोट्यावर कायद्याने बंदी आली. मुंबईत त्याच धोट्याचा उपयोग वेगळ्या कारणासाठी झाला: उष्ट्या सुताचा विटाळ होतो या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना साचेखात्यापासून, म्हणजेच अधिक पगाराच्या कामापासून, दूर ठेवण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे ठेवला. कामगारांच्या एकजुटीची गाणी जेथे वाजतील त्याच दालनात हा धोटा आणि ही हकीकत असली पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली, टिळकांच्या शिक्षेनंतर १९०८ मध्ये कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, हा इतिहास जितक्या अभिमानाने सांगितला जाईल तितक्याच स्पष्टपणे धोट्याचाही.

खर्चाचा विचार केल्याखेरीज ही चर्चा पुरी होणार नाही. संग्रहालय बांधायला पैसा मिळतो, कारण बांधकामाला कोनशिला असते आणि उद्घाटन असते. ते चालवायला मिळत नाही. दहा वर्षांनी दिवे गेलेले, सूचीकार निवृत्त झालेला आणि एक पहारेकरी डुलक्या घेत असलेला, असे संग्रहालय कोणाही जिल्ह्यात दाखवता येईल. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील, १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले आणि आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय अशाच अवस्थेला पोचले होते. महापालिका, एक खासगी प्रतिष्ठान आणि वारसा जतन करणारी संस्था यांनी २००३ मध्ये करार केला आणि २००८ मध्ये ते नव्या रूपात पुन्हा उघडले. महापालिकेला हा मार्ग अपरिचित नाही. गिरणगावाच्या बाबतीत भागीदार म्हणून कामगारांच्या संघटना, परिसरातील महाविद्यालये आणि शाळा यांना आत घेता येईल. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एका कामगाराची मुलाखत टिपून आणायची ठरवली तर त्याला वेगळ्या अंदाजपत्रकाची गरज भासू नये. शिवाय एखादी फिरती पेटी कोकणातल्या आणि घाटावरच्या शाळांतून नेता येईल. ज्या गावांच्या चुली गिरणीच्या मनिऑर्डरीवर पेटल्या त्या गावांचाही या इतिहासात वाटा आहे, आणि त्यांची मुले काळाचौकीपर्यंत येण्याची वाट पाहात बसण्यात अर्थ नाही.

घाई करण्याचे कारण एकच आहे. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे, आणि संपाच्या वेळी चाळिशीत असलेल्यांपैकी फार थोडे मागे उरले आहेत. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतील उरल्यासुरल्या गिरण्याही २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या. संग्रहालयात लोवेलप्रमाणे साचे चालवून दाखवायचे असतील, तर ते लावता येणारा, तुटलेला धागा जोडता येणारा आणि बिघडलेला साचा नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस लागेल. असा माणूस अजून डोंबिवलीच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या घरात सापडू शकतो. कारंजे दुसऱ्या टप्प्यात केले असते तरी चालले असते.